पाझर किरकोळ

६ जानेवारी १९३६, अंथुर्णे

साखरबाई काल माहेराहून आली ती माझं पत्र घेऊनच. पदराच्या गाठीतून काढलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "ह्ये तुमचं तुमी ठेवा. माज्या भावानं वसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. कोऱ्हाळ्याची सारी आळी हसली."

मी पत्र पुन्हा वाचून पाहिलं. चार कलमं होती. १. मी ठीक आहे. २. म्हैस सकाळी पावणेतीन शेर देते. ३. शेळगावच्या बाजूचं पाणी एकवीस तारखेपर्यंत चालू राहील. ४. येण्याचा दिवस कळवावा, म्हणजे गाडी पाठवता येईल. चूक एकही सापडली नाही.

"ह्यात तुमी कुठं हाय?" तिनं विचारलं.

"कलम एकमध्ये."

ती चुलीकडं निघून गेली. हसत गेली की रागानं गेली ते पाठीवरून कळलं नाही.

म्हणून ही वही. सरकारी वहीत बसत नाही ते इथं लिहून बघतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पंधरा वर्षं कालव्यावर ओव्हरसियर आहे आणि जे काही लिहायला आलं ते कालव्यानंच शिकवलं. म्हणजे खरं तर आमच्या डेप्युटी इंजिनिअरांनी, खांबेटे रावसाहेबांनी. माझा पहिला रिपोर्ट त्यांनी तांबड्या शाईनं निम्मा खोडला होता. 'खूप' खोडलं, 'भयंकर' खोडलं, 'बहुतेक' खोडलं. म्हणाले, "जोतीराम, रिपोर्टात विशेषण दिसलं की मला कळतं, ओव्हरसियर टेप घेऊन खाली उतरला नाही." त्या दिवसापासून मी खाली उतरतो. मोजलं नाही ते लिहीत नाही. डोळ्यांनी पाहिलं नाही ते तर नाहीच नाही. बारामतीच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या सावळाराम माळ्याचा मी पोरगा. या एका सवयीनं मला साहेबांच्या टेबलाशी उभं केलं. तिची लाज मला वाटायची नाही, कोऱ्हाळ्याच्या आळीला काय वाटायचं ते वाटो.

९ जानेवारी

मैल ६४. शेळगावच्या शिवारात भरावाच्या पायथ्याशी पाझर लागला आहे. घागर लावून पाहिली, साडेचार मिनिटांत भरली. पाणी स्वच्छ. पाझर स्वच्छ असला की घोर नसतो. गढूळ आला तर ते पाणी भरावाच्या पोटातली माती घेऊन येत असतं, म्हणजे आत बीळ मोठं होत असतं.

भरावाच्या खाली धोंडाबाईचा मळा आहे. वांगी, कांदा, थोडी कोथिंबीर. नवरा वारला त्याला सहा वर्षं झाली, बाई एकटी राबते. खुरपं तसंच हातात धरून वर आली.

"सायेब, सकाळच्या पारी ह्ये पानी असं न्हाय येत. लई गढूळ येतं."

"लई म्हणजे किती, मावशी?"

"लई म्हंजी लई."

मी तासभर उभा राहिलो. स्वच्छच आलं. रिपोर्टात लिहिलं, पाझर किरकोळ, पाणी स्वच्छ. तिनं विचारलं, "माजं काय लिवलं?" मी म्हणालो, "तुमचं मी पाहिलेलं नाही." ती म्हणाली, "मी पायलं की." आणि वांग्यात निघून गेली.

कामाच्या बाबतीत भीड धरून चालत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. साखरबाईनं तीळगूळ देताना विचारलं, वहीत काय काय लिहिलंत. वाचून दाखवलं. म्हणाली, "धोंडाबाईनं पायलं ते पायलं न्हवं व्हय?" मी म्हणालो, सणाच्या दिवशी कचेरी काढू नकोस.

१७ जानेवारी

पाट फुटला. मैल ६४, त्याच जागी.

दिवस उगवताना आवाज झाला म्हणतात. मी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. टेप धरला, भगदाड बत्तीस फूट रुंद. भरावाची माती आणि मुरूम धोंडाबाईच्या मळ्यावर पसरलाय. वांग्याचं एक झाड दिसत नाही. बाई म्हशीला घेऊन उंचावर चढली म्हणून वाचली. तिथंच बसून होती. मी दोनदा हाक मारली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

गाव वाचलं ते झुंबरतात्यामुळं. तात्या आमचा पाटकरी, या टप्प्याचं पाणी सोडायचं-बंद करायचं काम त्याच्याकडं, वीस वर्षं झाली. आवाज ऐकला आणि गडी वरच्या दरवाज्याकडं पळत सुटला. दीड मैल. दरवाज्याचं चाक गंजलेलं, दोन माणसांशिवाय फिरत नाही. यानं एकट्यानं फिरवलं आणि दरवाजा बंद केला. दोन्ही तळहातांची कातडी गेली आहे. मी त्याला म्हणालो, हात दाखव. म्हणाला, "हाताचं काय, सायेब. पानी तुटलं न्हवं?"

पाणी तुटलं होतं. अजून अर्धा तास गेला असता तर शेळगावची खालची आळी राहिली नसती. यात मोजमाप काही नाही, पण मी लिहितो, राहिली नसती.

१९ जानेवारी

डोकं फिरायची वेळ आली आहे.

काल कचेरीतून एक कारकून आला, झुंबरतात्याची जबानी घ्यायला. पुण्याच्या पेठेत वाढलेला, हुशार, अक्षर मोत्यासारखं. तात्यानं त्याला सांगितलं, "पाट फुटला तसा मी पळालो आन् वर जाऊन पानी तोडलं." कारकुनानं लिहून घेतलं, "मी वर जाऊन पाट तोडला." अंगठा उठवून घेतला. संध्याकाळच्या आत फौजदार तात्याला इंदापूरला घेऊन गेला. सरकारी कालवा तोडल्याचा गुन्हा, आणि तोही कबूल.

आज सकाळी बारामतीला कचेरीत गेलो. कारकुनाला म्हणालो, "अहो, आमच्याकडं पाणी तोडणं म्हणजे पाणी बंद करून दुसरीकडं वळवणं. माझा बाप दिवसातून वीसदा पाणी तोडायचा. गवार भरली की तोड, भेंडी भरली की तोड."

तो म्हणाला, "ओव्हरसियरसाहेब, तोडलं म्हणजे तोडलं. पाणी काय आणि पाट काय, अर्थ तोच."

"पाणी तोडल्याबद्दल तात्याला बक्षीस द्यायला हवं आणि पाट तोडल्याबद्दल तुरुंग. तोच अर्थ कसा?"

त्यानं दौतीचं झाकण लावलं आणि माझ्याकडं पाहिलंही नाही. मी खांबेटे रावसाहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढं सारला. माझाच नऊ तारखेचा रिपोर्ट.

"जोतीराम, हे तुझं. पाझर किरकोळ, पाणी स्वच्छ. तुझ्या रिपोर्टावर मी आजवर शंका घेतलेली नाही. असा भराव आठ दिवसांत आपण होऊन फुटत नाही. म्हणजे कुणीतरी फोडला. तू तेवढं एक वाक्य लिहून दे, चौकशी संपली."

फुटला आणि फोडला. या टप्प्याची दुरुस्ती यंदा रावसाहेबांनीच पुढं ढकलली होती. फुटला म्हटलं तर ते त्यांच्या अंगाशी येतं. फोडला म्हटलं तर झुंबरतात्याच्या. मी म्हणालो, विचार करून सांगतो. हे वाक्य मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं.

२० जानेवारी

इंदापूर. झुंबरतात्याला भेटलो. हाताला फडकी गुंडाळलेली होती. त्याला अजून गुन्हा काय तेच समजलेलं नाही. म्हणाला, "सायेब, हितं समदी पानी तोडत्यात. मग समद्यास्नीच का आनलं न्हाय?"

मी त्याला समजावलं. तो हसला. "मंग काय घोर न्हाय. तुमी हाय की. तुमी लिवलं म्हंजी झालं. तुमचं लिवनं खोटं असतंय व्हय?"

परतीच्या वाटेवर सायकलची साखळी दोनदा पडली. मी तिला शिव्या दिल्या. सायकलचा काही दोष नव्हता.

२२ जानेवारी

रिपोर्ट लिहायला बसलो. सहा कागद फाडले. जे लिहावं त्याच्या आड माझा नऊ तारखेचा कागद येतो. तो खोटा नाही. घागर मी लावली, घड्याळ मी पाहिलं, पाणी स्वच्छ होतं. तरी तो कागद एका निर्दोष माणसाला तुरुंगात घालायला निघाला आहे. खरं लिहून हे कसं होतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

साखरबाई दिव्याची काच पुसत होती. म्हणाली, "धोंडाबाईकडं जा."

"जाऊन काय करू? तिनं लई एवढंच सांगितलं. लईचा रिपोर्ट होत नाही."

"तुमी इचारलं तसं तिनं सांगितलं. मलाबी कुनी इचारलं, नवऱ्याचा राग किती, तर मी लईच म्हनंन. पन कवा येतो, कशानं येतो, किती वेळ टिकतो, ते इचारलं तर समदं सांगता येईल मला. घडी लावून सांगंन."

मला राग आला. किती टिकला ते पाहिलं नाही.

२३ जानेवारी

गेलो. धोंडाबाई मळ्यातला मुरूम पाटीनं काढत होती. एकटी. एवढ्या मुरुमात ती पाटी म्हणजे काहीच नाही, पण काढत होती. मी पाटीला हात लावायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी पाव्हनं."

तिच्याशेजारी मुरुमावरच बसलो. म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी नीट विचारलं नाही. आज विचारतो. तुम्ही ते पाणी कशात घेत होता?"

"घागरीत. म्हशीला पाजाया."

"रोज?"

"रोज सकाळच्या पारी. तुमी याच्या आदी आठ-धा दिस. रातच्यानं पाटाला पानी चढायचं, म्हून सकाळी जोर आसायचा. उनं वर आली की निवळायचं. तुमी उनं वर आल्याव आलता."

मी दुपारी गेलो होतो, ही गोष्ट खरी आहे. सकाळी कचेरीचं टपाल होतं. आणि रात्री कालव्याला पाणी चढतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्याच वहीत रोजचा आकडा आहे.

"घागर भरून ठेवली की खाली काय बसायचं?"

"गाळ. म्हस तोंड लावंना, म्हून मी घागर उभी ठिवायची आन् वरचं पानी वतून द्यायची. पयल्यांदा बोटभर बसायचा. मंग दोन. तुमी आलता त्या दिशी चार बोटं. त्याच्याम्होरं मी मोजलाच न्हाय, भ्या वाटलं."

बोट, दोन बोटं, चार बोटं. बाईनं मोजलं होतं. रोज मोजलं होतं, एका भांड्यात, एका वेळेला, माझ्यापेक्षा चांगलं. भराव आतून पोखरला जातोय याचा चढता आलेख ती माझ्यापुढं उभी राहून देत होती आणि मी तिला एकच प्रश्न विचारून निघून आलो. लई हा तिचा अंदाज नव्हता. दहा दिवसांच्या मोजणीची ती बेरीज होती. मी गाढव आहे. हे विशेषण आहे आणि मी ते टेप लावून लिहितो आहे.

घागर पुरात गेली. मी तिला म्हणालो, हात पुढं करा. टेप काढला. चार बोटं, पावणेतीन इंच. ती म्हणाली, "आता माजं माप कशाला? चोळी शिवायची हाय व्हय?" नवरा गेल्यावर ती कुणाची चेष्टा करत असेल असं मला वाटलं नव्हतं.

२५ जानेवारी, बारामती

चौकशी झाली. पुण्याहून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आले होते, गोरे नव्हेत, आपल्यातलेच, वयस्कर. मराठी बोलत होते. एका बाजूला खांबेटे रावसाहेब. कोपऱ्यात तो कारकून, आणि फौजदारानं आणलेला झुंबरतात्या. धोंडाबाईला मीच गाडीतून आणलं होतं. ती भिंतीला टेकून उभी.

मी माझा कागद वाचला. पाणी तोडणे म्हणजे काय, ते एका कलमात. दरवाजा बंद मिळाला, चाकावर रक्त होतं, ते दुसऱ्यात. पाट तोडायला निघालेला माणूस दीड मैल पळत जाऊन दरवाजा बंद करत नाही, हे तिसऱ्यात. चौथं कलम असं होतं: माझा नऊ तारखेचा रिपोर्ट अपुरा आहे. पाझर सकाळी गढूळ येत होता. एका घागरीत चार बोटं गाळ बसत होता. ही माहिती मला जागेवर देण्यात आली होती आणि मी ती लिहिली नाही.

खांबेटे रावसाहेब म्हणाले, "रासकर, तुम्ही हे पाहिलंत?"

ते मला नेहमी जोतीराम म्हणतात. तू म्हणतात.

"नाही, साहेब."

"मग कुणाचं माप आहे हे?"

"धोंडाबाईंचं."

"चार बोटं हे माप झालं?"

"त्यांची चार बोटं पावणेतीन इंच भरतात. मी मोजली आहेत."

मोठ्या साहेबांनी मान वर केली. रावसाहेबांच्या कपाळावर शीर उठली. म्हणाले, "अहो, ती निरक्षर बाई. तिच्या शब्दावर तुम्ही आपला स्वतःचा रिपोर्ट खोटा पाडता?"

"साहेब, टेपलाही वाचता येत नाही."

रावसाहेबांनी माझा कागद ओढून घेतला. मी खिशातली तांबडी पेन्सिल काढून त्यांच्यापुढं ठेवली. म्हणालो, "यात एक जरी विशेषण सापडलं तरी खोडा. मी सही काढून घेतो."

त्यांनी कागद खरोखर वाचला. वरून खालपर्यंत, दोनदा, पेन्सिल हातात धरून. मला त्यांचा राग आला पाहिजे होता. तेवढा आला नाही. असं वाचणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. पेन्सिल त्यांनी तशीच टेबलावर ठेवली.

मोठ्या साहेबांनी धोंडाबाईला विचारलं, गाळ किती बसायचा. ती घाबरली होती. हात तेवढा पुढं केला, चार बोटं आडवी.

२६ जानेवारी

झुंबरतात्याला सोडलं. सायकलच्या मागं बसवून आणला. वाटेत विचारत होता, दरवाज्याच्या चाकाला वंगण कोण लावणार. मी म्हणालो, मी. तो म्हणाला, "तुमी न्हाय, तुमी लिवा." अंथुर्ण्याला साखरबाईनं त्याला दूधभाकरी कुस्करून दिली, हाताला फडकी होती म्हणून. तो ओशाळला, पण खाल्ली त्यानं.

३ फेब्रुवारी

हुकूम आला. माझी बदली सामानाच्या गोदामावर, कुदळी-फावडी मोजायला. पुढं एक ओळ आहे: सदर ओव्हरसियरास रिपोर्ट लिहिण्याचे काम देऊ नये. खाली रावसाहेबांची सही. महिनाअखेर हजर व्हायचं आहे.

हरकत नाही. मी फावडी मोजीन. पण ती ओळ मी तीनदा वाचली. पंधरा वर्षं ज्यानं लिहायला शिकवलं त्यानंच लिहायचं नाही असं लिहून दिलं, आणि वाक्य नेहमीप्रमाणे नेटकं. साखरबाईनं विचारलं, वाईट वाटलं का. म्हणालो, व्हय. तिनं विचारलं, किती. मी म्हणालो, लई. ती हसली नाही. शेजारी येऊन बसली.

९ फेब्रुवारी

धोंडाबाई आली. मळ्यावरचा मुरूम सरकारनं काढून द्यावा असा अर्ज तिला करायचा आहे. दुसरं काही नको, म्हणाली, जमीन माझी मला उघडी करून द्या, वांगी मी लावीन. दोन ठिकाणी जाऊन आली, कुणी लिहून देईना. कालव्याच्या साहेबाविरुद्ध कागद कोण लिहील?

मी लिहिला. ती सांगत गेली तसा लिहिला. मळा किती, वांगी किती, मुरूम गुडघ्यापर्यंत. मी मधेच विचारलं, कुणाच्या गुडघ्यापर्यंत. "माज्या," ती म्हणाली. लिहिलं, अर्जदाराच्या गुडघ्यापर्यंत. शेवटी ती म्हणाली, "आन् आसं लिवा, का मी आदुगर सांगितलं हुतं." मी ते वाक्य सगळ्यांत वर नेऊन घातलं. वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आसंच हाय." अंगठा केला.

अर्ज लिहिणाऱ्यानं अंगठ्याखाली आपलं नाव घालायचं अशी रीत आहे. सरकारी नोकरानं सरकारविरुद्धचा अर्ज लिहू नये असा नियम आहे. हा अर्ज खांबेटे रावसाहेबांच्याच टेबलावर जाणार, आणि माझं अक्षर त्यांना नावाशिवायही ओळखू येईल. तरी नाव घालणं वेगळं. या वेळी गोदामावर निभावलं, पुढच्या वेळी नोकरीच जाईल. साखरबाईला हे सगळं सरळ सांगितलं, कारण घर तिचंही आहे.

तिनं धोंडाबाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नुसतं नाव घालू नगा," ती म्हणाली. "हुद्दाबी घाला."

घातला.